फियाटचं संमेलन रद्द झालं, पण त्या रविवारी आपण तरी भेटायचं का?

सहकारनगरची पद्मिनी

नमस्कार मंडळी,

काल रात्री साडेनऊला आपल्या जुन्या फियाटवाल्यांच्या गटावर निरोप आला, 'अपरिहार्य कारणास्तव यंदाचे वार्षिक संमेलन रद्द करण्यात येत आहे. भरलेले शुल्क परत केले जाईल.' एवढंच. खाली दहा-बारा जणांनी हात जोडले आणि सगळे गप्प झाले. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आमची गाडी १९८१ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच. मोतिया रंग, जुना तीन अक्षरी नंबर, गिअर स्टेअरिंगला. सासऱ्यांनी १९७५ साली नंबर लावला होता, गाडी दारात यायला सहा वर्षं लागली. ते गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, ती मीच चालवते. आमच्या ह्यांना डोळ्यांचा त्रास आहे, त्यामुळे ते शेजारी बसतात आणि घाट लागला की पाण्याची बाटली आणि फडकं त्यांच्या हातात असतं. फियाटवाल्यांना फडक्याचं काम सांगायला नको. नवीन लोकांसाठी सांगते. दिवे घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना इंजिन तापलं की पेट्रोल ओढणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ होते. आपण सगळे त्याला एसी पंप म्हणतो. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही, गाडी आचके देते आणि बंद पडते. मग खाली मस्तानी तलाव दिसतो तिथे कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. दरवर्षी संमेलनाला जाताना आम्ही त्या वळणावर थांबतो. मागून येणारी आपल्यातली एखादी गाडीही थांबते. अर्ध्या लोकांशी माझी ओळख त्या कठड्यापाशीच झाली आहे.

यंदा दिवाळीपासून तयारी चालली होती. पुढच्या चाकांचे किंगपिन बदलले, ब्रेकला नवीन लायनर लावले, रेडिएटर उघडून आतला गंज काढून घेतला. ड्रायव्हरच्या बाजूच्या तिकोनी काचेची कडी तुटली होती, ती मिळवायला पाच बुधवार जुन्या बाजारात हिंडले. पाचव्या बुधवारी कुलपं आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगाखाली ती सापडली. विकणाऱ्याला ती कशाची हे माहीत नव्हतं, चाळीस रुपयांना दिली. घरी येऊन रॉकेलमध्ये भिजवली, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासली आणि बसवली. आता काच बाहेर ढकलून फिरवली की वारा थेट मानेवर येतो. हे त्या रविवारी कुणाला तरी दाखवायचं होतं.

पण मी एवढं लिहिते आहे ते काचेच्या कडीसाठी नाही. गेल्या वर्षीचं सांगते.

गेल्या वर्षी आमच्या इंजिनात टकटक आवाज येत होता. इथल्या दोन गॅरेजांत दाखवलं. दोघांचं म्हणणं एकच, झडपा हलवणारे टॅपेट वाजतायत, हेड उघडावं लागेल. खर्च ऐकून मी गाडी तशीच संमेलनाला नेली. तिथे मिस्त्रीकाका होते. नाना पेठेत त्यांनी चाळीस वर्षं फियाटचीच कामं केली. आता दुकान नाही, गुडघे धरलेत, पण संमेलनाला कुणीतरी त्यांना आणतं आणि ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसून एकेक गाडी बघतात. त्यांनी मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. डोळे मिटले. मग टोक थोडं खाली, थोडं बाजूला, असं सरकवत गेले आणि एसी पंपावर येऊन थांबले. "ताई, टॅपेटला हात लावू नका. पंपाचा लिव्हर झिजलाय, तोच आतल्या फिरत्या कॅमवर आपटतोय." मूठ माझ्या कानाला लावली. खरोखर, टॅपेटवर नुसती घरघर होती आणि पंपावर हातोडी मारल्यासारखा आवाज.

पलीकडे साताऱ्याहून आलेल्या एका दादांनी चादरीवर जुने पार्ट मांडले होते. त्यांत अख्खा पंप होता. काकांनी सांगितलं तसं मी स्वतःच्या हाताने दोन बोल्ट सोडून तो बदलला. जेवणाच्या आधी आवाज बंद. दोन्ही गॅरेजांनी सांगितलेलं काम मला करावंच लागलं नाही.

माझ्या लेखी संमेलन म्हणजे हे. लॉन, बॅनर, सगळ्यात देखण्या गाडीला ढाल, मला तेही आवडतं. पण गाडी चालू राहते ती काकांच्या कानामुळे आणि दादांच्या चादरीमुळे, आणि ही दोन माणसं वर्षातून एकदाच एका जागी येतात. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर विचारायचं ते हे :

संमेलन नेमकं का रद्द झालं ते कुणी स्पष्ट सांगेल का? आणि ठरलेल्या रविवारी, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, बॅनर नाही, जेवण नाही, नुसतं दहा-पंधरा गाड्या एका मोकळ्या जागी आणून भेटता येईल का? जागा कुठली? आणि अशा भेटीला परवानगी लागते का?

---

समितीतला एक

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. निरोप तुटक होता हे मान्य करतो. तो मीच लिहिला होता. खरं कारण लिहायला मन धजावलं नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी तुम्ही सगळे जेवायला बसलात तेव्हा मागच्या कोपऱ्यात एका गाडीने पेट घेतला होता. मालकाने गाडी लावायला पुन्हा चालू केली आणि पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा रबरी पाईप फाटला. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं. ज्वाळा बॉनेटच्या फटीतून बाहेर आल्या. वाढप्यांपैकी एका मुलाने भिजवलेलं गोणपाट टाकलं, आम्ही दोघांनी माती टाकली आणि आग विझली. वायरिंग जळालं, रंग उडाला, माणसाला काही झालं नाही. शेजारी एकमेकींना चिकटून अठरा गाड्या होत्या. पंगतीत कुणाला कळू दिलं नाही. ते चुकलं, असं आता वाटतं.

जागेच्या मालकांनी यंदा अनामत वाढवली आणि अग्निशमनाची पूर्ण व्यवस्था स्वखर्चाने करा म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. पण नावं आली एकोणीस. मागच्या वर्षी एक्केचाळीस होती. एकोणीस गाड्यांच्या पैशात ते बसत नव्हतं. त्यात समितीत आम्ही तिघंच, एकाची नुकतीच बायपास झाली आहे. काही वाईट घडलं तर जबाबदारी कुणाची, या प्रश्नावर आमचे पाय अडले.

पाईप का फाटला तेही लिहितो, कारण हे तुमच्या प्रत्येकाच्या गाडीत घडू शकतं. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या गाड्यांचे पाईप, एसी पंपातला पडदा, कार्बोरेटरमधली वायसरं, हे सगळं साध्या पेट्रोलसाठी बनलेलं आहे. इथेनॉलने जुनं रबर आधी फुगतं, मऊ पडतं, पुढे त्याला चिरा जातात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपली गाडी महिना-महिना उभी असते, म्हणजे टाकीला आतून गंज. पाईप बाहेरून ठाकठीक दिसतो. तो वाकवून बघा, वाकवल्यावर चीर उघडते. जळालेल्या गाडीचा पाईप मी जपून ठेवला आहे. क्लिपखालचा भाग बोटाने दाबला तर च्युइंगमसारखा लागतो.

---

सहकारनगरची पद्मिनी

दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मला राग निरोपाचा आला होता, तुमचा नाही. तिघंच जण इतकी वर्षं सगळं ओढताय, हे आमच्याही ध्यानात यायला हवं होतं.

तुमचं वाचून लगेच खाली गेले. पाईप वाकवून बघितला. क्लिपच्या कडेला केसाएवढी चीर आहे. पंप गेल्या वर्षी बदलला, पाईप तोच ठेवला होता. ह्याच पाईपवर मी त्या रविवारी घाट चढले असते. गाडी आता जागेवरून हलवणार नाही.

पण मग मला सांगा, हे मला कळलं कशामुळे? एका फियाटवाल्याने दुसऱ्याला सांगितलं म्हणून. एकोणीसपैकी आणखी किती जणांचे पाईप असे असतील?

---

सातारकर, चादरवाला

काकू, चादरीवाला तो मीच. पंप अजून नीट चालतोय ना? मी त्या रविवारी येणार म्हणजे येणार. संमेलन असो नसो, गाडी खंबाटकीचा बोगदा पार करून पुण्यात हजर.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाहीये. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर आपल्याला पार्टची चिंता नव्हती. हजारो गाड्या रोज रस्त्यावर, म्हणून क्लच प्लेटपासून दाराच्या हँडलपर्यंत सगळं कुणी ना कुणी बनवत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मी जिथून माल उचलायचो त्यातल्या दोघांनी त्यानंतर फियाटचा माल ठेवणंच सोडलं. आता पार्ट आहेत ते लोकांच्या माळ्यावर. तुमच्या माळ्यावर माझ्या कामाचं काय आहे हे मला फोनवर कळत नाही, कारण बऱ्याच जणांना त्या वस्तूचं नावच ठाऊक नसतं. चादरीवर समोर दिसलं की हात आपोआप जातो.

सगळ्यांना विनंती, येताना माळा झाडून या. खोकं उचला आणि घेऊन या. काय आहे ते काका सांगतील.

---

पन्नाशी पार

माझी १९७२ ची फियाट ११०० डी. तेव्हा पद्मिनी हे नावही आलं नव्हतं. वडिलांकडे त्याआधी डुक्कर फियाट होती, पुढची दारं उलटी उघडणारी. या विषयात घर बुडालेलं आहे असं समजा.

परवानगीबद्दल. रस्त्यावर रांगेने रॅली काढायची किंवा सार्वजनिक मैदान अडवायचं तर पोलिसांकडे अर्ज करावाच लागेल. खासगी जागेत, मालकाच्या संमतीने, पंधरा गाड्या आपापल्या वेळेला आल्या तर मला अडचण दिसत नाही. तरी जवळच्या चौकीत एक पत्र देऊन ठेवा. कागद असलेला बरा. प्रत्येकाने नोंदणी, विमा आणि पीयूसी तपासून निघा. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते आणि तिचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचं पाच हजार झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार. वर पर्यावरण कर. नावं एक्केचाळीसवरून एकोणीसवर का आली, त्याचं अर्धं उत्तर मला यात दिसतं. माझ्या ओळखीच्या दोघांनी याच खर्चाला कंटाळून गाड्या ताडपत्रीखाली टाकल्या.

आणखी एक. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. मी त्याच विचारात आहे. पण अशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, अभ्यास, जुन्या गाड्यांची रॅली, आणि पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती, एवढ्याचसाठी. म्हणजे उद्या आपल्यातल्या बऱ्याच गाड्या त्या मालिकेत गेल्या, तर संमेलन हेच त्यांचं बाहेर पडण्याचं निमित्त उरेल. तेच आपण रद्द करत गेलो तर गाडी कशासाठी नोंदवायची? म्हणून ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

---

चिंचवडचा नवा मालक

मी यात अगदी नवीन. आठ महिन्यांपूर्वी मामांची १९८८ ची पद्मिनी घेतली. चालू होते, पण थंड इंजिन चालू करायला ओढलेला चोक आत ढकलला की बंद पडते. तीन ठिकाणी दाखवली, एकाने तर इंजिनच बदला म्हणून सांगितलं. संमेलनाची वाट याचसाठी बघत होतो. रद्द झाल्याचं वाचल्यावर मामांना काय सांगायचं कळेना.

गाडी आणता येणार नाही, टेम्पोत घालून आणू का? आणि जागेचं म्हणाल तर माझ्या मावशीची रोपवाटिका आहे हडपसर-सासवड रस्त्यावर, घाटाच्या अलीकडे. समोर मुरूम टाकलेली मोकळी जागा, पंधरा गाड्या सुट्या-सुट्या उभ्या राहतील. विहिरीचं पाणी आणि दोन नळ आहेत. मावशीला विचारलं, ती म्हणाली दुपारपर्यंत वापरा, फक्त कुंड्यांच्या रांगेत गाडी घालू नका.

---

समितीतला एक

मुरमाची जागा आणि हाताशी पाणी असेल तर माझी भीती निम्मी कमी झाली. घाटात सध्या रुंदीकरणाचं काम आहे, तो चढायला नको हेही चांगलं. माझ्याकडे पावडरचे दोन अग्निशामक आहेत, ते भरून आणतो. वाळूच्या सहा बादल्या. दोन गाड्यांत दोन हात अंतर, गाडी लावली की बॅटरीची तार सोडायची, आणि कुणीही सिगारेट पेटवणार नाही. हे पाळणार असाल तर मी उभा आहे. समिती म्हणून नाही, तुमच्यातला एक म्हणून.

---

सहकारनगरची पद्मिनी

दादा, तुम्ही आलात, आता मला दुसरं काही नको.

काल आणि आज फोन करून झाले. एकोणीसपैकी तेरा जण येतायत. दोघांच्या गाड्यांचे कागद पूर्ण नाहीत, ते बसने येणार आहेत. तेही तितकेच हवेत, त्यांच्या हातांना काम आहे.

शुल्क परत मिळायचं आहे, त्याबद्दल माझं एक मागणं आहे. ज्यांची हरकत नसेल त्यांनी त्यातले तीनशे रुपये ठेवावेत. त्यातून इथेनॉल चालणारा चांगला पाईप मीटरवर आणू आणि नव्या क्लिपा आणू. पाईपवर तसं छापलेलं असतं, ते बघूनच घ्यायचा. साधा काळा पाईप स्वस्त पडतो, तो कुणीही आणू नका. त्या दिवशी पहिलं काम प्रत्येक गाडीचा पाईप बदलण्याचं. येतील तेवढ्या सगळ्या गाड्यांचा. त्यानंतर चादर, गप्पा, जे काय ते. येतानाही पाईप वाकवून बघूनच निघा. माझ्यासारखी चीर दिसली तर घरीच बदला, तशा पाईपवर रस्त्यावर येऊ नका. मी उद्या बदलते आहे.

चिंचवडच्या बाळा, टेम्पो नको करूस. चोक आत ढकलल्यावर बंद पडते म्हणजे बहुतेक पेट्रोल जायच्या भोकाचा बारीक जेट तुंबला असेल किंवा कार्बोरेटरच्या बुडातून हवा शिरत असेल. इंजिनाचं नाव काढू नकोस. नुसता कार्बोरेटर सोडून पिशवीत घालून आण. सोडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढ आणि स्क्रू चहाच्या कपात ठेव. तो उघडून कसा साफ करायचा ते काका तुझ्याकडूनच करून घेतील, स्वतः हात लावणार नाहीत. माझ्याशी असंच केलं होतं.

काकांना आज भेटून आले. संमेलन रद्द झाल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, ते आपले तयारीत होते. स्क्रूड्रायव्हरला तेल लावून कापडात गुंडाळून ठेवला होता. जागा बदलली म्हटल्यावर एवढंच विचारलं, "उन्हात नाही ना?" तर बाळा, मावशींना सांगून आंब्याखालची एक जागा राखून ठेव, तिथे गाडी लावायची नाही.

रविवारी सकाळी सात वाजता मी नाना पेठेत काकांच्या दारात असेन. त्यांना पाय लांब करायला जागा लागते, म्हणून पुढे ते बसतील. आमचे हे मागे, फडकं आणि बाटली घेऊन.